टाच टेकत नाही, पण आधी खुबा बघा

पत्र :
माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन १२५० ग्रॅम होतं, चाळीस दिवस काचेच्या पेटीत होता. आधाराशिवाय बसायला लागला तोच वीस महिन्यांचा झाल्यावर. एमआरआय झाला आणि फाइलवर ‘स्पास्टिक डायप्लेजिया’ असं लिहून मिळालं. बोलतो छान, गाणी पाठ आहेत, हाताने खातो, थोडं सांडतो. जमिनीवर बसतो ते दोन्ही पाय बाजूंनी मागे टाकून. भिंत धरून चालतो, पण चवड्यावर, आणि पायांची कात्री होते. एका डॉक्टरांनी टाचेमागची नस लांब करायचं ऑपरेशन सांगितलंय, महिन्याभरात तारीख घ्या म्हणाले. नात्यातल्या एकांनी मुंबईत स्टेमसेलची (मूळपेशींची) इंजेक्शनं देणाऱ्यांचा पत्ता दिलाय, साडेतीन लाख पडतील म्हणे. सासूबाई म्हणतात पांगुळगाडा द्या, आपोआप चालेल. शेजारी पोलिओ म्हणतात. ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीत गावी चार दिवस संपल्या होत्या तेव्हा फारच ताठला. कुणाचं ऐकू? आणि दुसऱ्या बाळाचा विचार करावा की नाही?
– एक आई, बार्शी

उत्तर :
ताई, तारीख इतक्यात घेऊ नका. आधी दोन गोष्टी हातात येऊ द्या : खुब्यांचा एक्स-रे, आणि गुडघा सरळ असताना व वाकवल्यावर घोटा किती वर येतो याची नोंद. मुलाला हात न लावता ‘ऑपरेशन करा’ किंवा ‘करू नका’ असा निकाल पत्रातून देता येत नाही. पण सव्वातीन वर्षांचं मूल, दोन्ही पाय ताठ, आणि ऑपरेशन नुसत्या टाचेचं, असं कुणीही सांगितलं तर आम्ही थांबून चार प्रश्न विचारायलाच सांगू.

शेजाऱ्यांचं आधी मिटवू. हा पोलिओ नाही. भारतात रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, स्नायूला हुकूमच पोचत नाही; पाय लुळा पडतो, बारीक होतो, आणि बहुतेकदा एकच पाय जास्त जातो. तुमच्या मुलाच्या स्नायूंना हुकूम पोचतो. ‘आता सैल हो’ हा निरोप मात्र नीट पोचत नाही, म्हणून पाय ताठ राहतात. अर्धांगवायूत शरीराची एक बाजू जाते, जसा उजवा हात आणि उजवा पाय. डायप्लेजियात दोन्ही बाजूंचे सारखे भाग सापडतात, बहुधा दोन्ही पाय जास्त आणि दोन्ही हात थोडे. जेवताना सांडतं ते या ‘थोड्या’मुळे असू शकतं. दोन्ही बाजू अगदी तंतोतंत सारख्या मात्र क्वचितच असतात. एक पाय जरा जास्त ताठ असतोच. तो कोणता, हे तुम्हाला डॉक्टरांच्या आधी कळलेलं असेल.

दोन्ही पायच का, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. मेंदूच्या आत मधोमध, डावीउजवीकडे, पाण्याच्या दोन पोकळ्या असतात. पायांकडे जाणाऱ्या तारा या पोकळ्यांच्या भिंतीला सर्वांत लगटून खाली उतरतात, हातांच्या त्यांच्या बाहेरून, चेहऱ्याच्या त्याहून बाहेरून. साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात या भिंतीलगतच्या भागाचा रक्तपुरवठा फार नाजूक असतो. रक्तदाब घसरला, श्वास अडला, जंतुसंसर्ग झाला की पहिला मार त्या पट्ट्याला बसतो, आणि तोही दोन्हीकडे. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पेरिव्हेंट्रिक्युलर’ असा शब्द असेल तर तो याच जागेबद्दल आहे. तुम्ही गरोदरपणात काय खाल्लंत, काय उचललंत, याच्याशी त्याचा संबंध जोडत बसू नका.

मेंदूतली ही इजा झाली तेवढीच राहते, पसरत नाही. पण पाय तसेच राहत नाहीत. हाड वाढत जातं आणि ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाही. तो आखूड पडतो, हाडाला ओढतो, सांध्याचा आकार बिघडवतो. म्हणून ‘मोठा झाला की सुटेल’ आणि ‘आता काहीच होणार नाही’ या दोन्ही बोलण्यांना अर्थ नाही. वाढीची वर्षं सांभाळायची असतात, आणि त्यात सगळ्यात जास्त सांभाळायचा तो खुबा.

खुब्याचा एक्स-रे

मांड्या आत ओढणारे स्नायू ताठ असले की (कात्री होते ती त्यांच्यामुळेच) मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू खुब्याच्या वाटीतून बाहेर सरकायला लागतो. सुरुवातीला दुखत नाही, चालण्यात फरक दिसत नाही, आणि आईला काही जाणवेपर्यंत बराचसा गोळा बाहेर आलेला असू शकतो. वाढत्या मेंदूला अशी इजा होऊन हालचाल बिघडते तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, डायप्लेजिया हा तिचाच एक प्रकार. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची हालचाल पाच पायऱ्यांत मोजतात. ही मोजणी १९९७ साली कॅनडात तयार झाली आणि आता जगभर चालते. तुमच्या वर्णनावरून मुलगा तिसऱ्या पायरीवर असावा : मागे पाय टाकून बसणं, काहीतरी धरून थोडं अंतर चालणं. या पायरीवरच्या दर दहा मुलांपैकी साधारण चौघांचा खुबा सरकतो. पहिल्या पायरीवर हा धोका जवळजवळ नसतो, पाचव्या पायरीवर दहातल्या नऊ जणांना असतो. फाइलवर पायरी लिहिलेली नसेल तर लिहून मागा. पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावरून हलतात.

एक्स-रे काढताना मूल उताणं, दोन्ही पाय समांतर, गुडघ्याच्या वाट्या बरोबर वर छताकडे, कंबर टेबलाला टेकलेली. पाय कात्रीत असताना काढलेली फिल्म गोळा किती बाहेर आहे हे चुकीचं दाखवते, म्हणून पाय धरायला शिसं असलेला अॅप्रन घालून तुम्ही स्वतः उभ्या राहा (गरोदर नसाल तरच). रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही. ‘मायग्रेशन पर्सेंटेज’ मागा, म्हणजे गोळ्याचा किती टक्के भाग वाटीच्या छपराबाहेर आहे तो आकडा, डावा आणि उजवा वेगवेगळा. तीसच्या आत असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. तीस ओलांडलं की मुलांच्या हाडांच्या तज्ज्ञाकडेच दाखवायचं. चाळीसच्या पुढे गेला किंवा दोन एक्स-रेंमध्ये झपाट्याने वाढला तर वाट बघायची नसते. आणि तेव्हा ऑपरेशन खुब्याजवळ लागतं, टाचेला नाही. सगळ्या फिल्म तारीख घालून एका पाकिटात ठेवा. एकट्या एक्स-रेपेक्षा दोन एक्स-रेंमधला फरक जास्त सांगून जातो.

टाचेचं गणित

लोक जिला नस म्हणतात ती नस नव्हे, कंडरा आहे. पोटरीत दोन स्नायू असतात, एकावर एक. वरचा गुडघ्याच्याही वरून निघतो, खालचा गुडघ्याच्या खालून. दोघे मिळून टाचेमागच्या एकाच कंडरेत उतरतात. कुठला आखूड आहे हे घरी, कसलंही यंत्र न वापरता कळतं.

मूल रमलेलं असताना, पोट भरलेलं असताना, उताणं झोपवा. एका हाताने गुडघा सरळ धरा. दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच घ्या, बोटांनी ती किंचित आतल्या अंगाला वळवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूने पाऊल हळूहळू, चार मोजेपर्यंत, नडगीकडे न्या. झटका नको, झटका दिला की ताठ स्नायू मधेच अडतो आणि खरी लांबी कळत नाही. जिथे थांबेल तिथे धरा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने, घोट्याच्या उंचीवरून, मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मग गुडघा काटकोनात वाकवून पुन्हा तसंच. टाच आत वळवायची विसरलात तर पाऊल मधूनच मोडल्यासारखं वाकतं, तळवा होडीसारखा फुगतो आणि ‘टेकली की!’ असं वाटतं, पण टाच वरच असते. ही चूक घाईच्या तपासणीत दवाखान्यातही होते.

गुडघा वाकवल्यावर पाऊल काटकोनाच्या वर येतं आणि सरळ केल्यावर येत नाही, तर खालचा स्नायू ठीक आहे, वरचा आखूड. डायप्लेजियाच्या मुलांत असं पुष्कळदा दिसतं. अशा वेळी टाचेची कंडराच लांब केली तर चांगला असलेला खालचा स्नायूही विनाकारण सैल होतो. आणि हाच स्नायू उभं असताना नडगीला पुढे कोसळू देत नाही. तो ढिला पडला की टाच टेकते, घरचे खूश होतात, पेढे वाटतात. मग पाचसहा वर्षांत वजन वाढतं, मांडीमागचे स्नायू आखडलेलेच असतात, आणि मूल गुडघे वाकवून, खुर्चीत बसता बसता उठल्यासारखं चालायला लागतं. गुडघे दुखतात, चालणं कमी होतं. चवड्यावर चालणाऱ्याला पुढे पुष्कळ मदत करता येते. ढिला झालेला खालचा स्नायू मात्र पुन्हा आवळून देता येत नाही.

गंमत अशी, की या आजाराला बरीच वर्षं ज्यांचं नाव होतं ते लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल स्वतःच टाचेची कंडरा कापून घेतलेले. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचं पाऊल वाकडं झालं होतं. १८३६ साली जर्मनीत हानोव्हरला जाऊन त्यांनी ते ऑपरेशन करून घेतलं आणि इंग्लंडमध्ये त्याचा प्रसार केला. त्यांच्या पावलाला ते उपयोगी पडलं, कारण तो पोलिओ होता आणि गाठ एकाच सांध्याची होती. तुमच्या मुलाच्या बाबतीत खुबा, गुडघा आणि घोटा तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

म्हणून आता सगळे सांधे एकत्र तपासून, लागतील त्या सगळ्या दुरुस्त्या एकाच भुलेत करण्याची पद्धत आहे, आणि तीही शक्यतो साताठ वर्षांनंतर, चालण्याची ढब बरीचशी ठरल्यावर. दरवर्षी एक ऑपरेशन, दरवर्षी एक प्लास्टर, हे मुलाचं बालपण खाऊन टाकतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा : गुडघा वाकवून घोटा किती वर येतो? मांडीमागचे स्नायू किती आखूड आहेत? खुब्याची टक्केवारी काय? आत्ता केलं नाही तर नेमकं काय बिघडेल? उत्तरं आकड्यांत मिळाली तर डॉक्टर चांगले आहेत. ‘टाच टेकेल’ एवढंच मिळालं तर दुसरं मत घ्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे डॉक्टर, फिजिओ आणि स्प्लिंट (पायाला आधार देणारे साचे) बनवणारे एकाच आवारात बसतात.

या वयात आधी विचार करायचा तो स्नायू काही काळ सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा. पोटरी, मांडीमागचे आणि आतले स्नायू यांत ते देतात. तीन ते सात दिवसांत सैलपणा सुरू होतो, महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो, तीनचार महिन्यांत उतरतो. ते फक्त ताठरपणावर चालतं. स्नायू आधीच आखूड झाला असेल तर नुसत्या इंजेक्शनने लांब होत नाही, सोबत दर आठवड्याला बदलायची दोनतीन प्लास्टरं लागतात. इंजेक्शन घेऊन घरी बसलात तर पैसे पाण्यात. पुढचे तीन महिने फिजिओला जाणं जमणार असेल, घरात लग्नकार्य किंवा सुगीची धांदल नसेल, असाच काळ निवडा. पाठीच्या मणक्यात जाऊन ताठरपणा आणणारे संवेदी तंतू निवडून कापण्याची शस्त्रक्रियाही असते. आठव्या महिन्याआत जन्मलेली, पायांत जोर असलेली, समजूतदार चारेक ते आठेक वर्षांची मुलं तिला योग्य ठरतात. तुमचा मुलगा पुढेमागे त्यात बसू शकेल. पण तो निर्णय पूर्ण पथकाचा असतो, एकट्या डॉक्टरांचा नाही.

घरचा दिवस

फिजिओकडे अर्धा तास आणि घरी बारा तास, असा हिशेब असतो. उताणं झोपवून पाय ताणून देणं सगळ्यांना माहीत आहे. त्याने दुखणं हलकं होतं, पण स्नायूची लांबी टिकायला मिनिटं पुरत नाहीत, तास लागतात. ते तास उभं राहण्यातून आणि स्प्लिंटमधून मिळवायचे. तेलमालीश खुशाल करा. मालीश करणाऱ्या बाईंना ‘पाय मोकळे करायला’ झटके मात्र देऊ देऊ नका.

उभं राहण्याची चौकट गावातल्या सुताराकडून करून घेता येते, माप मात्र फिजिओकडून आणा. छातीला आणि गुडघ्यांना पट्टे, टाचा टेकलेल्या, आणि दोन्ही पाय मधल्या रेषेपासून पंधरा ते तीस अंश फाकलेले. हे फाकवणं खुब्यासाठी महत्त्वाचं आहे. पाय जुळवून उभं केलं तर निम्मा फायदा गेला. दिवसाला एकूण तासभर, आठवड्यातून किमान पाच दिवस, दोन-तीन तुकड्यांत चालेल. समोर चौरंगावर चौरंग ठेवून उंची करा आणि त्यावर कणकेचा गोळा, चित्रं, खेळणी. नुसतं उभं केलं तर दहाव्या मिनिटाला रडारड सुरू होते.

जोर वाढवायला बसून उठणं सर्वांत उपयोगी. गुडघे काटकोनात येतील आणि तळवे पूर्ण टेकतील एवढ्या उंचीचं स्टूल घ्या. तुम्ही समोर बसा, त्याचे गुडघे तुमच्या दोन हातांनी जरा बाजूला ठेवा. नाक पावलांच्या पुढे येईल इतका तो वाकला पाहिजे, मग उठणं. ओढून उठवू नका. हात धरून ओढलं की तो मागे रेलतो, चवड्यावर जातो आणि सगळा ताठरपणा जागा होतो. दहा वेळा, थोडी विश्रांती, असं तीनदा. सोपं वाटायला लागलं की स्टूल दोन बोटं बुटकं करा.

मागे पाय टाकून बसण्यावरून दिवसभर टोकू नका. त्याला त्या बैठकीत हात मोकळे मिळतात, म्हणून तो तसा बसतो. पर्याय द्या. घरातला लोड घ्या आणि त्यावर घोड्यासारखं बसवा, पावलं दोन्हीकडे जमिनीवर. मांड्या आपोआप फाकतात. पाय लांब करून बसवायचं तर थेट फरशीवर नको, मांडीमागचे स्नायू कंबर मागे ओढतात आणि पाठीला पोक येतं. खाली पाट द्या. त्या दोनतीन इंच उंचीने पाठ सरळ होते. जेवायलाही तसंच.

स्प्लिंट (घोट्याचे प्लास्टिकचे एएफओ) मिळतील तेव्हा पहिले काही दिवस तासतासभर, मग वाढवत जा. आत गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा, सुरकुती नको. गुडघा वाकवून पाऊल आत घाला, टाच अगदी तळाशी बसली का बघा, आणि घोट्यावरचा पट्टा सगळ्यात आधी आवळा. वरचा पट्टा आधी लावला की टाच वर सरकलेलीच राहते. काढल्यावर लाल वण दिसतात. अर्ध्या तासात गेले तर ठीक, नाही गेले तर बनवणाऱ्याकडे परत, तोवर वापर बंद. बूट एक नंबर मोठा, आतला तळवा काढून. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी मोजे बदलावेच लागतात, नाहीतर बोटांत चिघळतं. उन्हात किंवा बंद गाडीत स्प्लिंट ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. वाढत्या मुलाला ते सहा महिने ते वर्षभर पुरतं. बोटं पुढे येऊ लागली की नवीन.

सासूबाईंना सांगा, पांगुळगाडा नको. मधे बसवून चाकांवर फिरवायचा प्लास्टिकचा तर मुळीच नको : मूल जांघेत लटकतं, चवड्याने जमीन ढकलतं, म्हणजे नको तीच सवय रोज पक्की होते. जुना लाकडी, मागून ढकलायचा त्यातल्या त्यात बरा, पण तो पुढे पळतो आणि मूल त्याच्यावर ओणवं होतं. त्याऐवजी पाठीमागे राहणारा रिव्हर्स वॉकर विचारा. तो मागून ओढत चालायचा असतो, त्यामुळे अंग सरळ राहतं. मूठ खुब्याच्या हाडाच्या पातळीला, कोपर जरासं वाकलेलं, आणि चाकं मागे न फिरणारी हवीत. वीस महिन्यांना तो स्वतः बसला ही चांगली खूण आहे. दोन वर्षांच्या आत आपलं आपण बसणारी बहुतेक मुलं पुढे आधाराने किंवा आधाराशिवाय चालतात. वॉकर दिला तर ‘त्याची सवय लागेल’ ही भीती सोडा. बालवाडीत त्यालाही पोरांच्या मागे पळायचं असतं.

गोळ्या आणि साडेतीन लाख

बॅक्लोफेन पुन्हा कधीही एकदम बंद पडू देऊ नका. दिवाळीत फक्त ताठला, एवढ्यावर निभावलं. अचानक थांबवलं तर ताप, झटके, भास असं काहीही होऊ शकतं. दहा दिवसांच्या गोळ्या नेहमी जादा ठेवा आणि प्रवासात एक पट्टी वेगळ्या पिशवीत. बंद करायच्या झाल्याच तर डॉक्टर आठवड्या-आठवड्याने कमी करतात. दिवसा फार पेंगत असेल, लाळ वाढली असेल, मान आणि धड आधीपेक्षा ढिलं वाटत असेल, तर डोस जास्त होतोय, तेही सांगा.

स्टेमसेलवर एक रुपया घालू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेरेब्रल पाल्सीत स्टेमसेल हा मान्य उपचार नाही. मंजुरी घेतलेल्या संशोधनातच तो देता येतो, आणि अशा संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले, तिथेच उत्तर मिळालं. असे दवाखाने इंजेक्शनसोबत आठवडाभर कसून फिजिओथेरपी देतात, मूल थोडं सुधारतं आणि श्रेय इंजेक्शनला जातं. तेवढ्या पैशात वॉकर, स्प्लिंट आणि कित्येक महिन्यांची फिजिओथेरपी होते.

पैशांचं म्हणाल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढा. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे, आणि अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. प्रमाणपत्रावर मुदत असेल तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ते हातात आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात नाव घाला : वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही त्यात येतो. साहित्यवाटपाच्या शिबिरात मात्र माप न घेता हातात ठेवलेलं लोखंडी कॅलिपर घेऊ नका. फुकट असलं तरी ते पायात जड पडतं आणि शेवटी माळ्यावर जातं. बालवाडीत यंदाच घाला. बाईंकडून मागायचं ते इतकंच, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची आणि दारापासून जवळची जागा.

तुमच्यासारखंच निदान असलेल्या इतरांनाही इथे एक सांगायला हवं. मूल पूर्ण दिवसांचं, जन्मताच रडलेलं, एमआरआय स्वच्छ, आणि तरी ‘डायप्लेजिया’ लिहिलेलं असेल, तर निदान पुन्हा तपासून घ्या. सकाळी बरं आणि संध्याकाळी पाय जास्त वळतात, असं असेल तर मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कमतरतेचा एक आजार हुबेहूब असाच दिसतो, आणि लेव्होडोपा या औषधाच्या अगदी छोट्या डोसाने मूल चालायला लागतं. आईवडिलांचं लग्न मामाच्या किंवा आत्याच्या घरात झालेलं असेल आणि पाय हळूहळू जास्त ताठत असतील, तर रक्तातला अमोनिया आणि अमिनो आम्लं तपासावीत. अर्जिनेज नावाच्या विकराची कमतरताही हेच रूप घेते आणि तिला आहार व औषध असतं. हात शंभर टक्के चांगले, लघवीवर ताबा नाही किंवा कमरेवर केसांचा पुंजका, तर पाठीच्या कण्याचा एमआरआय हवा. आणि येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर ती सेरेब्रल पाल्सी नव्हे. तुमच्या मुलाची हकीकत आणि एमआरआय एकमेकांशी जुळत असेल तर यातलं काही शोधत बसायची गरज नाही.

दुसऱ्या बाळाचं : जरूर विचार करा. अपुऱ्या दिवसांमुळे झालेला डायप्लेजिया वारशाने येत नाही. पुन्हा लवकर बाळंत होण्याची शक्यता मात्र इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून पहिल्या वेळी कळा लवकर का आल्या (रक्तदाब, गर्भाशयाचं तोंड, संसर्ग) ते कागद शोधून ठेवा आणि दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना दाखवा. नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी नाव घाला. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण टळत नाही असं दिसलं, तर आईला शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात, सुरुवातीला ४ ग्रॅम. बाळाच्या मेंदूचं त्याने काही अंशी रक्षण होतं. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं वेगळी, बारा बारा तासांनी चार. ही दोन्ही औषधं स्वस्त आहेत आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांतही असतात. अडचण एवढीच, की द्यायला वेळ हातात असावा लागतो. म्हणून आठव्या महिन्याच्या आत पोट आवळल्यासारखं वाटलं तर रात्र काढू नका.

एक राहिलं, डोळे. १२५० ग्रॅमच्या बाळाच्या पडद्याची तपासणी पेटीत असतानाच झाली असेल, पण अशा मुलांत तिरळेपणा, चष्म्याचा मोठा नंबर आणि अंतर-उंचीचा अंदाज चुकणं पुढेही निघतं. पायरी उतरताना तो थबकत असेल तर दर वेळी पायांचाच दोष धरू नका. एक्स-रेला सोलापूरला जाल त्याच फेरीत मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवून या, बाहुली मोठी करायचे थेंब घालून.